पहिलं पोतं पडेपर्यंत

ताहेर मिस्त्री कधी कुणाशी सरळ बोलले असते, तर मिलमधल्या बायांनी त्यांची दृष्ट काढली असती. मी कामाला लागलो त्या दिवशी मला वरून खाली बघितलं अन् मालकाला म्हणाले, "माणूस मागितला होता सायेब, हे काय आणलंय? फूक मारली तर चुनी-भुशासंगं उडून जाईल." बावीस वर्षं झाली त्याला. आता माझं पोट सुटलंय, पण आवाज होता तोवर ते मला 'फुक्या'च म्हणत आले. "क्या फुक्या, आज बायकोनं जेवू घातलं का हाकललं?" हा आमचा रोजचा रामराम.

लातूरच्या एमआयडीसीत आमची तुरीची डाळ मिल. मी मल्लिनाथ. पॅनलवर बसतो, म्हणजे मशिनी चालू-बंद करायचं काम माझं. मिस्त्री फिटर. मूळचे नांदेडचे, बापासंगं जिनिंगमध्ये हातोडी धरायला शिकलेले. शिक्षण सातवी. पण लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे अन् सांगायचे, "हे चार दिवसांत जाम बसंल." चौथ्या दिवशी ते बसायचंच. मी तर म्हणायचो, मिस्त्री, तुम्हीच रात्री येऊन मोडता का काय? मग एक शिवी मिळायची अन् एक विडी.

मी यायच्या आधीची गोष्ट, दगडोबा नावाचा एक हमाल होता. एलिवेटर, म्हणजे तूर खालून वर नेणारी ती वाट्यांच्या पट्ट्याची मशीन, तिच्या खालच्या तोंडात माल अडकला होता. दगडोबानं हात घातला, पॅनलवरच्यानं न बघता बटण दाबलं, अन् दोन बोटं गेली. तवापासून मिस्त्रींचा कायदा. मशिनीत कुणाचा हात असला की मिस्त्री स्वतः ओरडून "चालू द्या" म्हणल्याबिगर हिरव्या बटणाला बोट लावायचं न्हाई. पॅनलची खोली भिंतीपलीकडं, तिथून एलिवेटरचं तोंड दिसत न्हाई. जे काय हाय ते आवाजावर. बावीस वर्षांत मी त्या आवाजाबिगर एकदाबी बटण दाबलं न्हाई, हे मी कुठंही छातीवर हात ठेवून सांगीन.

दुसरा एक कायदा मिलचा होता, अन् तो कुणी केला कुणालाच ठाऊक न्हाई. सकाळी पहिलं पोतं भरून, तोलून, शिवून खाली पडेपर्यंत मशिनीला वाईट बोलायचं न्हाई. वाजती, गरम झाली, बिघडली, असलं एक अक्षर न्हाई. डाळ पाखडणाऱ्या बायांतली साखराबाई पहिल्या पोत्याला हळदकुंकवाचं बोट लावायची, मग तोंडं मोकळी. मिस्त्री मुसलमान, पण ह्या बाबतीत बायांच्या वरताण. सकाळच्या फेरीत एखादं बेअरिंग कोकलत असलं तरी त्याच्यावर हात ठेवून म्हणायचे, "बरं हाय, चालू द्या." पोतं पडलं की लगेच पान्हे घेऊन त्याच बेअरिंगला भिडायचे अन् अशा शिव्या घालायचे की बाया तोंडाला पदर लावायच्या. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाले, "उठल्या उठल्या तुझ्या बापाला कुणी मढं म्हणलं तर चालंल का तुला? मग?"

अडीच वर्षांमागं नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून शिवकांता मॅडम आल्या. त्यांचं संशोधन चालू होतं. मशिनीचा आवाज अन् थरथर मोजायची, ती बरी का वाईट हे मिस्त्रींनी सांगायचं, अन् दोन्ही जोडून कॉम्प्युटरला शिकवायचं. शिकला की तो मिस्त्रींसारखाच आधी सांगंल, हे बेअरिंग जाणार हाय. लहान लहान लोखंडी डब्या लोहचुंबकानं बेअरिंगवर चिकटवल्या अन् एलिवेटरवरच्या भिंतीला एक मोठा डबा ठोकला. मिस्त्री कमरेवर हात ठेवून बघत होते. "माझे कान काढून भिंतीला लावणार का बाई?"

"कान नाही चाचा," मॅडम म्हणाल्या, "कानामागचं डोकं."

झालं! म्हातारा पाघळला. दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून आला.

आठ महिने हे चाललं. सकाळी मशिनी चालू झाल्या की एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. मिस्त्री पेचकस लावायचे, सांगायचे, अन् मॅडम नाहीतर त्यांची माणसं पोत्यावर बसून लॅपटॉपात टिपायची. मॅडम बिचाऱ्या परत परत सांगायच्या, "खरं तेच सांगा हं चाचा. मशीन चुकीचं शिकलं तर चुकीचंच बोलेल." मिस्त्री म्हणायचे, "ताहेर खोटं बोलत न्हाई." अन् सकाळी कोकलत्या बेअरिंगवर हात ठेवून म्हणायचे, "बरं हाय, चालू द्या." मॅडम टिपायच्या, बरं. मी तिथंच उभा असायचो. मला, मिस्त्रींना, साखराबाईला, कुणालाच ते खोटं वाटलं न्हाई. सकाळचं बोलणं ते. त्याला खरं-खोटं लावतच न्हाईत.

त्यात डब्याला घड्याळही कळायचं. थंड मशीन वेगळं वाजतं, दुपारी तापलेलं वेगळं, म्हणून वेळ सांगावी लागते, असं मॅडमचं म्हणणं. चुकीचं काही नव्हतं त्यात.

शेवटी डब्याला बोलतं करायचं ठरलं, कारण आमच्या बायांना डब्याच्या पाटीवर उमटलेलं वाचता येत न्हाई. मॅडमनी मिस्त्रींच्याच आवाजात चार वाक्यं भरून घेतली. "बरं हाय, चालू द्या." "ग्रीस मारा." "बंद करा." "मला बोलवा." मिस्त्रींनी खाकरून, मान ताठ करून ती म्हणली. 'द्या'वर त्यांचा जो झटका असायचा तोसुद्धा जसाच्या तसा उतरला. सुरुवातीला लई हसलो आम्ही. डबा बोलला की हमाल "जी उस्ताद" म्हणून सलाम ठोकायचे. साखराबाई मात्र हसली न्हाई. ती म्हणाली, "जित्या माणसाचा आवाज भिंतीला बांधू नये. माणूस हलका पडतो." मिस्त्री म्हणाले, "साखरे, तू तुझं सूप हलव."

त्याच हिवाळ्यात मिस्त्रींचा घसा बसला. आधी विडीवर ढकललं, मग हवेवर. डॉक्टरनं नळी घालून बघितलं अन् नांदेडला पाठवलं. गाठ होती. आवाजाची पेटीच काढावी लागली.

ऑपरेशनच्या दिवशी मिलला सुट्टी होती. एमआयडीसीत लाइटही नव्हती. मी माझा विसरलेला जेवणाचा डबा न्यायला अकराच्या सुमाराला गेलो. शटर अर्धं उघडलं, आत पाय टाकला. सगळं थंड, पट्टे लोंबलेले, धूळसुद्धा हलत नव्हती. अन् वरून मिस्त्रींचा आवाज आला, "मला बोलवा."

मी मान वर केली. परत आला. "मला बोलवा." मग गप्प. मी जेवणाचा डबा तिथंच सोडून बाहेर आलो. संध्याकाळी जोहराचाचीचा, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा फोन आला. ऑपरेशन झालं, जीव वाचला. मी विचारलं, किती वाजता आत नेलं होतं? म्हणाली, अकराला. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, बॅटरी असते आत, बाहेरून ट्रक गेला असेल, थरथर आली असेल. असंल. मी कशाला न्हाई म्हणू? पण त्या दिवशी रस्त्यावर ट्रक नव्हता, हे मी बघितलं होतं.

तीन महिने मिस्त्री नव्हते अन् त्यांचा आवाज रोज होता. सगळ्यात वाईट काय सांगू, आम्हाला त्याची सवय झाली. साखराबाईसुद्धा डबा बोलला की पदर सारखा करून "हाव, मिस्त्री" म्हणायला लागली होती.

मग ते आले. गळ्याला पांढरा रुमाल, त्याच्यामागं भोक, श्वास तिथूनच फुसफुसायचा. अंग निम्मं झालेलं. कुणाला न विचारता सकाळची फेरी सुरू केली. पेचकस आणला नव्हता, तळहातच बेअरिंगवर ठेवायचे. एलिवेटरपाशी आले, हात ठेवला, सवयीनं ओठ हलवले. अन् नेमका तेव्हाच वरून डबा बोलला, "बरं हाय, चालू द्या." ओठ अन् आवाज अगदी बरोबर जुळले. साखराबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. मिस्त्रींनी मान वर करून डब्याकडं बघितलं, अन् त्यांच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते मला आवडलं न्हाई. स्वतःच्या दारात परका माणूस बसलेला दिसावा, तसं बघत होते ते.

त्यानंतर एक विचित्रच चालू झालं. मिस्त्री समोर उभे राहून हातानं न्हाई-न्हाई करायचे अन् लोक मान वर करून डब्याचं ऐकायचे. आवाज तिकडं होता ना! हमाल त्यांच्या अंगावरून वाट काढत जायचे, जसं तिथं कुणी न्हाईच. मला सांगायला लाज वाटती, पण मीही वरच बघायचो. एवढा तोंडाळ माणूस, त्याला कुणी उलटून बोलत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. कधी कधी मागून फुसफुस ऐकू आली की मी दचकायचो, अन् वळून बघितलं की मिस्त्री असायचे.

चार महिने असे गेले. मग एका शुक्रवारी सकाळी त्यांनी माझी बाही धरून मला एलिवेटरपाशी ओढत नेलं. खालच्या बेअरिंगचा बोल्ट पान्ह्यानं ढिला केला अन् मला चालू कर म्हणून खुणावलं. मी पॅनलवर जाऊन चालू केली, परत आलो. खडखड मला बिगर पेचकसाची ऐकू येत होती. डबा बोलला, "बरं हाय, चालू द्या." त्यांनी बोल्ट आवळला. पहिलं पोतं पडलं, दुपार झाली, तेव्हा परत मला आणलं, तोच बोल्ट तेवढाच ढिला केला. डबा लगेच ओरडला, "बंद करा. मला बोलवा."

मिस्त्रींनी खिशातून खडू काढला अन् पत्र्यावर लिहिलं, 'सकाळी खोटं बोलतो.'

"कोण, डबा?" मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. न्हाई. खडूचं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

मला आधी कळलं न्हाई. मग कळलं. आठ महिने रोज सकाळी हा माणूस प्रत्येक मशिनीला बरं म्हणत आला होता. डब्यानं तेच उचललं. पहिलं पोतं पडायच्या आधी, मशीन कसलीही असली तरी 'बरं'च. मॅडमना ते कुणी सांगितलंच न्हाई, कारण ते सांगायचं असतं हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातच आलं न्हाई.

मिस्त्रींनी उजव्या हाताची दोन बोटं आत मुडपून मला दाखवली. दगडोबा. मग पत्र्यावर लिहिलं, 'डबा बंद कर.' मी मालकाकडं गेलो. मालक म्हणाले, "सोमवारी बघायला पाहुणे येणार हायत, मॅडमला विचारल्याबिगर हात लावायचा न्हाई." परत येऊन सांगितलं. मिस्त्रींनी लिहिलं, 'मॅडमला फोन कर.' त्यांना स्वतःला बोलता येत नव्हतं अन् त्यांचा फोन साधा बटणाचा, त्याच्यावर एवढं सगळं लिहिणं त्यांना जमत नव्हतं. मॅडम नऊच्या आत फोन उचलायच्या, पुढं दिवसभर तास. "उद्या सकाळी करतो मिस्त्री, पक्कं," मी म्हणालो. त्यांनी माझ्या गालावर चापट मारली. हलकीच, पहिल्यासारखी. मला लई बरं वाटलं.

शनिवारी सकाळी साडेआठला पॅनलवर बसून मी फोन काढला. मॅडमचा नंबर समोर आणला. बोट त्याच्यावर नेलं. अन् ध्यानात आलं, पहिलं पोतं अजून पडलं न्हाई. आता मॅडमना काय सांगायचं? मशीन चुकती, सकाळी खोटं बोलती. हे बोलायचं म्हणजे सकाळच्या पारी, तोंड मोकळं व्हायच्या आधी मशिनीला वाईट बोलणं. माझी जीभच उचलंना. तिकडं बाया पोतं भरत होत्या. म्हणलं, दहा मिनिटांचा सवाल हाय, पोतं पडू दे, मग करू. फोन खिशात ठेवला.

एलिवेटरचा आवाज बदलला. माल अडकला. त्यांचा आवाज गेल्यापासून असं पहिल्यांदाच झालं होतं; मिस्त्रींनी खोलीच्या दारात येऊन हात आडवा केला, बंद कर. मी लाल बटण दाबलं. ते मागं फिरले. एलिवेटरच्या तोंडाची झडप काढल्याचा खणखणाट ऐकू आला. मग तूर खरवडल्याचा आवाज. मशीन थांबली की दोन-अडीच मिनिटांनी डबा आपला अंदाज सांगायचा, हे मला माहीत होतं. सगळं मला माहीत होतं.

भिंतीपलीकडून आवाज आला, "बरं हाय, चालू द्या."

त्या आवाजात काहीच वेगळं नव्हतं, हे ध्यानात घ्या. तीच खरखर, 'द्या'वर तोच झटका. एवढी वर्षं मी त्याच आवाजाची वाट बघत बसलो होतो अन् तो आला. त्या माणसाच्या गळ्यात आवाज न्हाई, हे मला माहीत होतं. माझ्या अंगठ्याला माहीत नव्हतं.

मी हिरवं बटण दाबलं.

मिस्त्री ओरडले असतील. ओरडलेच असतील. पण ऐकू आली ती साखराबाई, अन् ती ओरडली तोवर पट्टा दोन वेळा फिरून गेला होता. मी लाल बटणावर मूठ आपटली, धावलो. मिस्त्री एलिवेटरला टेकून बसले होते, तोंड सताड उघडं, गळ्यातल्या भोकातून नुसती फुसफुस. अन् मशीन थांबली होती, म्हणून थोड्या वेळानं त्यांच्या डोक्यावर डबा परत बोलला. तेच. साखराबाईनं फावडं उचललं अन् त्या डब्यावर घालत सुटली. कुणी तिला अडवलं न्हाई.

उजवा हात मनगटाच्या वरून काढावा लागला.

मॅडम त्याच दिवशी दुपारी नांदेडहून आल्या. लॅपटॉप उघडून बसल्या. आठ महिन्यांच्या सकाळी काढल्या, एकामागं एक. सगळीकडं बरं, बरं, बरं. एकही वाईट न्हाई. त्या रडायला लागल्या. "इतकं उघड होतं," म्हणाल्या, "सगळ्या मशिनी रोज सकाळी बऱ्या आणि दुपारी बिघडलेल्या कशा असतील? मी विचारायला हवं होतं." मग डोळे पुसून म्हणाल्या, "कुणी एक फोन केला असता ना, तर मी तिथं बसल्या बसल्या त्याचा आवाज बंद केला असता. अर्ध्या मिनिटाचं काम होतं."  माझ्या खिशातला फोन मला जड लागत होता.

चौथ्या दिवशी दवाखान्यात गेलो. जायची हिंमत होत नव्हती, बायकोनं ढकललं. जोहराचाची उशाशी बसली होती. मिस्त्रींचं बोलणं आता ती ओठांवरून वाचती अन् सांगती. मला बघून मिस्त्रींचे ओठ हलले, चाची म्हणाली, "विचारतात, जेवलास का?" मला तिथंच रडू फुटलं. एवढं रडलो की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

मी थांबल्यावर मिस्त्रींनी डाव्या हाताचा अंगठा अन् करंगळी कानाला लावली अन् भुवया वर केल्या. फोन. केला होता का?

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. आईची आण.

"केला होता मिस्त्री," मी म्हणालो. "लागला न्हाई."

 त्यांनी मान हलवली, अन् मनावरचा दगड उतरल्यासारखा त्यांचा चेहरा सैल झाला. ओठ हलले. चाचीनं वाकून वाचलं अन् त्यांचं बोलणं तिच्या आवाजात मला सांगितलं, "म्हणतात, मला ठाऊक होतं तू करशील. उद्या कुणी तुझ्यावर बोट ठेवलं, तर त्याला माझ्याकडं पाठव."

मी हाव म्हणालो. चाचीनं दिलेलं पाणी पिलो अन् घरी आलो. ह्याला आता वर्ष होत आलं. दर जुम्म्याला त्यांच्याकडं जातो, चहा पितो, चाची मधे बसून आमचं बोलणं इकडून तिकडं करती. त्यांना अजून सांगितलं न्हाई.